हातात किती पडतं

तीनशे मिलीच्या तीन बाटल्या.
बूच तिरकं घासलेलं, आत बुडबुडा अडकू नये म्हणून.
पहिली भरली की लगेच औषध घालून थांबवायची:
सकाळी साडेनऊला तळं किती श्वास बाळगून आहे ते कळतं.
दुसरी तशीच, उघड्या काचेची.
तिसरीला काळी टेप गच्च गुंडाळलेली,
वरून आईच्या पोळ्यांची फॉइल.
या दोघींत दोन-दोन बोटं हायड्रिला,
एकाच फांदीवरून खुडलेलं.

खारीगावच्या तळ्यावर ऊन उशिरा येतं,
पारसिकचा डोंगर चढून यावं लागतं त्याला.
तोवर मी दोरीला हातभर खोलीच्या गाठी मारते.
टोकाला बिसलेरीची रिकामी बाटली, तरंगायला.

सुकऱ्या म्हात्रे पाळीवर बसून बघतात.
रखवालदार, कंत्राटी, डोक्याला रुमाल.
"काय गो पोरी, पानी पान्यात बुडवतंस?"
सांगते: झाडं उन्हात किती कमावतात ते मोजायचंय.
"आन् ही काली?"
ती खर्चाची. अंधारात कमाई बंद,
श्वास चालूच.
ते तंबाखू मळत राहतात. मळून झाल्यावरही मळतात.
"म्हंजी हातात किती परतं तिला?"

पुस्तकात याला निव्वळ प्राथमिक उत्पादकता म्हणतात.
वर्गात हे वाक्य मी तीनदा लिहून घेतलं होतं.

पप्पा वागळे इस्टेटला, रंगाच्या कंपनीत.
लग्नात कुणी पगार विचारला तर ढोबळ आकडा सांगायचे,
आईला निव्वळ.
मधल्या आकड्याबद्दल कुणी बोलायचं नाही.
पीएफ, पतपेढी, कँटीन, उचल,
आणि एक ओळ नुसतीच "इतर".
स्लिप घडी करून देवाच्या फोटोमागे.

चार तासांनी दोरी ओढली.
उघड्या बाटलीतल्या पानांना मोत्यांसारखे नाही,
साबुदाण्यासारखे बुडबुडे. भिजत घातलेल्या.

प्रयोगशाळेत तपकिरी साका बसतो, आम्लात विरतो,
पिवळं पाणी, त्यात स्टार्च, मग निळं.
ब्युरेटखाली हळूहळू फ्लास्क फिरवत राहायचं.
एका थेंबात निळ्याचं होत्याचं नव्हतं होतं
आणि त्या थेंबापाशी आकडा वाचायचा.

सुरुवात सहा पूर्णांक दोन.
उजेड नऊ.
काळी: सहा पूर्णांक एक.

म्हणजे चार तासांत जवळपास खर्चच नाही?
मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.
ग्लॅडिस मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला.
"टेप बघ आधी."
बुडाशी नखाएवढी फट. फॉइलही तिथेच दुमडलेली.
तेवढ्यातून ऊन आत गेलं होतं,
आणि तेवढ्यावर त्या दोन बोटांनी
लपूनछपून काम केलं होतं.

"खोडून टाक. उद्या परत."
खोडलं. एकच रेघ मारली, आकडा खाली वाचता येईल अशी.

दुसऱ्या दिवशी टेपचे चार वेढे.
सुरुवात तीच, उजेड तोच, काळी चार पूर्णांक आठ.
कमाई चार पूर्णांक दोन,
श्वासाला गेले एक पूर्णांक चार.
म्हात्र्यांना सांगायला पाळीवर गेले,
दोन पूर्णांक आठ पडतात हो काका, लिटरमागे मिलिग्राम.
त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.
"बरं हाय की. तिला घरभारं नय."

घरी येऊन हात धुतले. टेपचा चिकटा निघत नव्हता.
खोबरेल लावलं, मग पीठ.
आई मशीनवर होती, कुणाच्या तरी साडीला फॉल,
दिवा न लावता. डोळ्यांना सवय आहे म्हणते.
विचारणार होते, एका साडीमागे तुला किती पडतात.
बल्ब लावला फक्त.
ती म्हणाली, "राहू दे गं, दिसतंय."